नऊ इंच खाली

इंग्लंडमधल्या सार्वजनिक बागांचे नियम ज्याने लिहिले, त्याने बागेत येणाऱ्या माणसाचा फार खोलवर विचार केला आहे. बागेत जाऊन आपण काय काय करू शकलो असतो, हे मला ते नियम वाचल्यावरच कळलं. तिथल्या सरकारने कौन्सिलांसाठी, म्हणजे नगरपालिकांसाठी, उपविधींचा एक नमुना करून ठेवला आहे. ज्या कौन्सिलला जी कलमं हवीत ती तिने उचलावीत. त्यानुसार बागेत परवानगीवाचून गुरं चरायला सोडायची नाहीत. वाटेल तिथे भाला, थाळी, गोळा फेकायचा नाही. तळं गोठलं तर बर्फावर पाऊल ठेवायचं नाही. विमान किंवा गरम हवेचा फुगा बागेत उतरवायचा नाही, अगदी जिवावर बेतलं तर गोष्ट वेगळी. पतंग उडवा, पण शेजारच्याच्या जिवाला घोर लागेल असा नको. आणि पतंगाच्या पाठोपाठ, शेवटाकडे, एक कलम येतं: जमिनीतला धातू किंवा खनिज हुडकण्यासाठी बनवलेलं, किंवा त्या कामासाठी फेरफार करून घेतलेलं, कुठलंही साधन कौन्सिलच्या संमतीवाचून वापरायचं नाही. मोडल्यास पाचशे पौंडांपर्यंत दंड.

म्हणजे छत्रीच्या टोकाला लोहचुंबक बांधून हिंडणारा पेन्शनरही यात सापडतो. कलम लिहिणाऱ्याने असा एखादा पेन्शनर पाहिलेलाच असणार, नाहीतर एवढं सुचत नाही.

मी असा पेन्शनर जवळून पाहिला आहे. तो माझा मावसभाऊ. आम्ही सगळी त्याला दादा म्हणतो. मिरजेहून तो तरुणपणीच इंग्लंडला गेला, तिथे रस्ते बांधले, आणि आता लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यात राहतो. निवृत्त झाल्यावर आपल्याकडची माणसं गीतेकडे वळतात किंवा शेअर बाजाराकडे. दादाने मेटल डिटेक्टर घेतला. ‘‘गीता स्वस्तात पडली असती,’’ असं वहिनी अजून म्हणतात.

यंत्र दिसायला साधंच. एक काठी, तिच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी चकती, मुठीपाशी छोटा पडदा आणि कानांवर हेडफोन. कमरेला दोन कप्प्यांची पिशवी: एक कप्पा कचऱ्याला, दुसरा ऐवजाला. ऐवजाच्या कप्प्याची चेन अजून नवीकोरी आहे. शिवाय एक खुरपं. ते वहिनींच्या तुळशीचं. दादा हिरवळीवर चकती डावीकडून उजवीकडे अशा एका लयीत फिरवत चालतो की लांबून वाटावं, माणूस दूर्वा इस्त्री करतोय.

चकतीतून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. वाटेत धातू आला की त्यात विजेचे छोटे भोवरे उठतात, त्या भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र उलट वर येतं आणि यंत्र किंचाळतं. कोणता भोवरा किती वेळ टिकला यावरून यंत्र अंदाज बांधतं: हा खिळा, हे तांबं, ही चांदी. नको त्या धातूला गप्प बसवायची सोयही असते. यातली गोम दादाने मला फार गंभीर चेहऱ्याने सांगितली. थंड पेयाच्या डब्याचं वरचं ॲल्युमिनियमचं कडं आणि सोन्याची अंगठी, या दोन्हींचा आवाज यंत्राला जवळपास सारखाच ऐकू येतो. कड्यांचा कंटाळा येऊन तो आवाज बंद केला की अंगठ्याही बंद. म्हणून अंगठीच्या आशेवर असलेल्या माणसाला जन्मभर कडी खणावी लागतात. दादाकडे कड्यांनी भरलेली लोणच्याची बरणी आहे. बरणी मोठी आहे. अंगठी एकही नाही.

या यंत्राचं आधीपासूनच असं आहे. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली असंच एक यंत्र घाईघाईने तयार केलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना कोणीतरी गोळी घातली होती, आणि गोळी शरीरात नेमकी कुठे अडकली आहे ते डॉक्टरांना सापडत नव्हतं. बेल यंत्र घेऊन गेले, फिरवलं, तर जिथे धरावं तिथे आवाज. खाटेत पोलादी स्प्रिंगा होत्या. त्यातून डॉक्टरांनी त्यांना शरीराची एकच बाजू तपासू दिली, आणि गोळी दुसऱ्या बाजूला होती. यंत्र बरोबर असून भागत नाही, कुठे फिरवायची परवानगी आहे ते महत्त्वाचं. हे यंत्राच्या जन्मापासूनच ठरून गेलेलं आहे.

आता परवानगीचीच गोष्ट निघाली, तर फार्नहॅम पार्कचं नाव घ्यायलाच हवं. ही बाग सरे परगण्यातच आहे, दादाच्या घरापासून गाडीने जाण्यासारखी. या छंदातल्या लोकांपुढे तिचं नाव काढलं तर ते पानिपत ऐकल्यासारखे गप्प होतात. १९९२ साली तिथे एका गृहस्थाने मेटल डिटेक्टर फिरवला. यंत्र वाजलं. त्याने खणलं. नऊ इंचांवर सोन्याचा मध्ययुगीन ब्रोच लागला.

गृहस्थ सरळ मनाचा. त्याने ब्रोच खिशात न घालता रीतसर कळवला. चौकशी झाली आणि ठरलं की हे कायद्याच्या व्याख्येतलं गुप्तधन नाही. त्या वेळच्या जुन्या कायद्यात, कोणीतरी पुन्हा येऊन न्यायच्या इराद्याने पुरलेलं असेल तरच ते राजसत्तेचं. कुणाच्या झग्यावरून गळून पडलेलं असेल तर राणीचा संबंध नाही. ब्रोच गृहस्थाला परत मिळाला. इतक्यात बागेची मालक असलेली कौन्सिल पुढे आली: बाग आमची, माती आमची, ब्रोच आमचा. खटला उभा राहिला, वेव्हर्ली बरो कौन्सिल विरुद्ध फ्लेचर. पहिल्या कोर्टात गृहस्थ जिंकला. १९९५ साली अपील कोर्टात कौन्सिल जिंकली.

निकालाचं सार दादाने मला सकाळी नाश्त्याच्या टेबलावर पोह्यांवर समजावलं. ‘‘हे बघ, हा वर दिसणारा शेंगदाणा. पोह्यांच्या अंगावर नुसता पडलाय. खरा मालक आला नाही, तर ज्याला आधी दिसला त्याचा. म्हणजे माझा.’’ त्याने तो उचलून तोंडात टाकला. ‘‘आता हा खालचा. पोह्यांत रुतलेला. हा पोह्यांचाच भाग. म्हणजे ज्याची ताटली त्याचा.’’ ताटली माझी होती. एवढा कायदा सांगून होईपर्यंत माझ्या ताटलीत वरचा एकही दाणा उरला नव्हता.

हाच तो नियम. जमिनीवर पडलेल्या वस्तूवर जमीनमालकापेक्षा सापडवणाऱ्याचा हक्क मोठा ठरू शकतो, मालकाने त्या जागेवर आपला ताबा नीट दाखवलेला नसेल तर. जमिनीच्या आत असलेल्या वस्तूवर मात्र जमीनमालकाचा. तोच ब्रोच गवतावर पडला असता तर कदाचित गृहस्थाचा झाला असता. पण मेटल डिटेक्टर घेऊन निघालेल्या माणसाला गवतावरची वस्तू सापडेलच कशी? तो तर खाली बघत नाही, ऐकत असतो. दादा दोनदा लोकांच्या कुत्र्यांवर आदळला आहे.

निकालात आणखी एक वाक्य आहे, आणि ते दादाच्या फार जिव्हारी लागलेलं आहे. बाग लोकांना करमणुकीसाठी खुली आहे, हे कोर्टाने मान्य केलं. पण जमीन उकरून दुसऱ्याच्या मालकीची वस्तू काढून नेणं ही त्या अर्थाची करमणूक नव्हे, ते अतिक्रमण. ‘‘करमणूक नव्हे?’’ दादा म्हणाला. ‘‘पावसात चार तास उभा असतो मी.’’

‘‘कोर्टाला जे एका निकालात कळलं ते मी कधीपासून सांगतेय,’’ वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

बागेत मनाई म्हटल्यावर माणूस शेतावर जातो. तिथे शेतकऱ्याची परवानगी लागते, आणि ती शहाण्या माणसाने लेखी घ्यावी, कारण सापडेपर्यंत सगळेच गोड असतात. बहुधा निम्मे-निम्मे ठरतं. शेतात पुरातत्त्वाचं संरक्षित स्थळ असलं, तर १९७९च्या कायद्याने तिथे शेतकऱ्याच्या परवानगीलाही अर्थ नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत यंत्र वापरणं सोडाच, जवळ बाळगलं तरी गुन्हा. सुटं करून, गुंडाळून, वापरता येणार नाही असं ठेवलं असेल तर चालतं. त्या मानाने इंग्रज दयाळू. तुमच्या हातात काठी राहू देतात आणि पायांखालची जमीन काढून घेतात.

समजा शेतात काही लागलंच. मग १९९६चा ट्रेझर ॲक्ट लागू होतो, आणि इथून पुढे छंद संपून कारकुनी सुरू होते. वस्तू तीनशे वर्षांहून जुनी आणि तिच्यात किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असेल तर ते गुप्तधन. एकटं नाणं सुटतं. दोन सोन्याचांदीची नाणी एकत्र सापडली की नाही सुटत. तांब्यापितळेची असतील तर दहा लागतात. चौदा दिवसांच्या आत कॉरोनरला कळवायचं. कॉरोनर म्हणजे अकस्मात मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. हे पद ११९४ सालापासून आहे आणि तेव्हापासून त्याच्याकडे मेलेली माणसं आणि पुरलेलं धन अशी दोन्ही खाती आहेत. सकाळी विहिरीत पडलेल्या इसमाबद्दल प्रश्न विचारायचे, दुपारी भांड्यात पडलेल्या नाण्यांबद्दल. दोन्हींत प्रश्न तेच: कुठे सापडलं, कधी, कुणाला, आणि हे असं जमिनीत गेलं कसं?

एक पळवाट होती. एकट्या काशाच्या वस्तूला हा कायदा शिवत नव्हता. कंब्रियात क्रॉस्बी गॅरेट नावाच्या गावाजवळ रोमन काळातलं काशाचं मुखवट्याचं शिरस्त्राण सापडलं. २०१०मध्ये लिलावात ते सुमारे तेवीस लाख पौंडांना गेलं, आणि कार्लाइलचं संग्रहालय लोकांकडून वर्गणी गोळा करूनही ते घेऊ शकलं नाही. सोन्याचं असतं तर सरकारने रोखलं असतं. काशाचं म्हणून ते हातातून गेलं. मग सरकारने २०२३मध्ये व्याख्या वाढवली: दोनशे वर्षांहून जुनी आणि इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू, धातू कुठलाही असो. तेरा वर्षांत पळवाट बुजवली. आपल्याकडे रस्त्यावरचा खड्डा धरला तर हा वेग वाईट नाही.

जे गुप्तधनात बसत नाही तेही नोंदवून घ्यायची तिथे सोय आहे. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची योजना १९९७ला सुरू झाली. जिल्ह्याजिल्ह्याला तिचे अधिकारी आहेत, आणि लोकांनी आणून दिलेली बटणं, बकलं, टाचण्या, नाणी मिळून पंधरा लाखांच्या वर नोंदी झालेल्या आहेत. दादाच्या एका बकलाची त्यात नोंद आहे. ती त्याने मला फोनवर दाखवली, नातवाचे फोटो दाखवायच्या आधी. वजन ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत, लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, चार बाजूंनी चार फोटो, शेजारी काळ्यापांढऱ्या चौकटींची मोजपट्टी, आणि स्थितीच्या रकान्यात ‘अपूर्ण’. सापडल्याची नेमकी जागा लोकांना दिसत नाही. ती दिसली तर रात्री टॉर्च घेऊन चोरून खणणारे तिथे पोचतात. त्यांना तिकडे नाइटहॉक म्हणतात. दादाच्या बकलाच्या जागी कोणी नाइटहॉक जाईल असं मला वाटत नाही. पण सरकारने तशी शक्यता धरून चालणं, हा दादाला मोठा मान वाटतो.

या सगळ्या लोकांचं दैवत म्हणजे सफोकमधलं हॉक्सन गाव. नोव्हेंबर १९९२मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थाला सांगितलं, जरा तुझं यंत्र फिरव. गृहस्थ हातोडा शोधायला गेला आणि चमचे, साखळ्या, नाणी वर येऊ लागली. शहाणपण असं की थोडं उकरल्यावर दोघांनी हात आवरले आणि पुरातत्त्वखात्याच्या लोकांना बोलावलं. चौदा हजारांहून जास्त रोमन नाणी निघाली, शिवाय चांदीची भांडी आणि सोन्याचे दागिने. साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं आणि दोघांनी वाटून घेतलं. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे. मला या प्रकरणात त्या हातोड्याचंच राहून राहून वाटतं. खजिना सापडला म्हणून शेतकऱ्याला हातोडा नवा घ्यावा लागला असणार.

आपल्याकडे मेटल डिटेक्टर दारात उभा असतो. स्टेशनात, मॉलमध्ये, नाट्यगृहात त्याची चौकट असते. आपण तिच्यातून जातो, ती बोंबलते, रक्षक पुढच्या माणसाकडे बघतो, आणि आपण किल्ल्या, कडं, मंगळसूत्र आणि स्टीलचा डबा घेऊन नाटकाला बसतो. चौकटीच्या बाजूने जायला वाट ठेवलेली असते, गर्दीच्या वेळी लोक तिथूनच जातात. ते यंत्र इतकी वर्षं सांगतंय, आणि एकदाही कोणी खुरपं घेऊन धावलेलं नाही.

खणायची हौस मात्र आपल्याला कमी नाही. यंत्राऐवजी मांत्रिक असतो, हेडफोनऐवजी अमावस्या. घरातल्या देवघराखालीच गुप्तधन आहे असं कोणीतरी सांगतं, रात्री फरशी निघते, आणि पहाटे पोलीस पाटील. या नादात अघोरी प्रकारही झालेले आहेत, म्हणून तर महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधाचा वेगळा उल्लेख करावा लागला. जमिनीत खरंच काही सापडलं तर काय करायचं, याचा कायदा आपल्याकडे इंग्रजांच्याही आधुनिक कायद्याच्या आधीचा आहे. १८७८चा, त्यांनीच आपल्यासाठी केलेला. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं. न कळवल्यास वर्षभरापर्यंत कैद. दहा रुपयांचा आकडा कायद्यात अजून तसाच आहे. आज दहा रुपयांत वडापाव येत नाही, पण बागेत खणताना पंधराचा ऐवज लागला तर तुम्ही कलेक्टर कचेरीत अर्ज घेऊन उभे असायला हवे. सरकारला ते धन हवं असलं, तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन ते घेऊ शकतं. नको असलं आणि मालक कोणी पुढे आला नाही, तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. शेतकऱ्याबरोबर निम्म्याने वाटून घेणाऱ्या दादाला हा कायदा सांगितला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मिरजेत आपली बाग कुठली?’’

‘‘कौन्सिलच्या संमतीवाचून’’ हे शब्द दादाच्या डोक्यातून जात नव्हते. संमती मागता येते, असा त्याने अर्थ काढला, आणि तो चूक नव्हता. गावातल्या बागेसाठी त्याने कौन्सिलला अर्ज केला. मी तो वाचला आहे. रस्त्यांची टेंडरं लिहिलेल्या माणसाचा अर्ज होता: प्रत्येक छिद्र सहा इंचांचं, हिरवळीचा तुकडा तीन बाजूंनीच कापून बिजागरीसारखा उचलणार, माती प्लास्टिकच्या कापडावर काढणार, पुन्हा भरून पायाने दाबणार, सापडलेलं सगळं कौन्सिलला दाखवणार. सोबत बकलाच्या नोंदीची प्रत.

नकार आला, पण इतका अदबीचा की दादाने तो दोनदा वाचला. हिरवळ, झाडांची मुळं, पाण्याचे पाइप, विजेच्या तारा आणि इतर नागरिकांच्या भावना यांचा विचार करता संमती देता येत नाही. तथापि आपला उत्साह पाहता, दर महिन्यातल्या एका शनिवारी कचरा उचलणाऱ्या स्वयंसेवकांत आपण यावं. चिमटा, हातमोजे आणि पिवळं जाकीट कौन्सिल देईल.

दादा गेला. मीही गेले, कारण वहिनींनी सांगितलं, ‘‘जा गं बरोबर, काहीतरी उकरेल.’’ लांब दांड्याचा चिमटा घेऊन तो बागेत शिरला आणि सवयीने डावीकडून उजवीकडे फिरवू लागला. बाकाखाली, गवतावर, अगदी वर, वीस पेन्सचं एक नाणं पडलेलं होतं. थोडं वाकलेलं. दादाच्या चेहऱ्यावर १९९५चा अख्खा निकाल उमटला.

‘‘पृष्ठभागावर आहे,’’ तो कामावर देखरेख करणाऱ्या बाईंना म्हणाला. बाईंनी विचारलं, मग? दादाने त्यांना कायदा सांगितला, दोन्ही बाजूंनी. पण आपण इथे कौन्सिलच्या जाकिटात आहोत, तेव्हा नाणं आपलं की कौन्सिलचं, हा मुद्दा त्याच्या मते फार्नहॅमपेक्षाही गुंतागुंतीचा होता. बाई म्हणाल्या, ठेवा तुम्ही. दादाला ते पटेना. सोमवारी तो नाणं घेऊन कौन्सिलच्या कचेरीत गेला. खिडकीतल्या मुलाने फॉर्म शोधले. हरवलेल्या सायकलीचा होता, कुत्र्याचा होता, वीस पेन्सचा नव्हता. कोणत्या खात्यात जमा करायचं ते त्याला सांगता येईना. शेवटी त्याने बाहेर बोट दाखवलं: ते पार्किंगचं यंत्र आमचंच आहे, त्यात टाका, पोचेल.

दादाने टाकलं. यंत्राने ते आत घेतलं, थोडा विचार केला, आणि खालच्या वाटीत परत टाकलं. पुन्हा टाकलं, पुन्हा परत. तिसऱ्यांदा टाकल्यावर दादाने ते उचललं, खिशात घातलं आणि माझ्याकडे वळला.

‘‘कौन्सिलने नाकारलं,’’ तो म्हणाला. ‘‘तू साक्षीदार.’’